पुढच्या डाव्या चाकाचं फक्त आतलं ब्रेक पॅड संपलंय, बाकी तिन्ही ठीक. कारण काय असेल?

लाल_माती

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितो कारण गॅरेजवाल्याच्या उत्तराने समाधान झालं नाही.

गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क मागे ड्रम, रनिंग ६८ हजार. राहतो रत्नागिरीला, कामासाठी आंबा घाटातनं कोल्हापूरला ये-जा असते, पावसाळ्यात गाडी बऱ्यापैकी उभीच असते अंगणात. मध्यंतरी घाट उतरून साखरप्याला थांबलो तर पुढच्या डाव्या चाकाकडनं जळका वास, उजव्या चाकाला काहीच नाही. डाव्या रिमवर काळी भुकटीही जास्त जमते, आणि अॅव्हरेज थोडं पडलंय असं वाटतं.

घरी चाकं काढून पॅड मोजले, मागची लोखंडी प्लेट सोडून नुसतं मटेरियल सांगतो. डावीकडे आतलं २ एमएम, बाहेरचं ७ एमएम. उजवीकडे आतलं ६, बाहेरचं साडेसहा. डाव्या डिस्कच्या आतल्या बाजूला नखाला लागतील अशा खाचा पडल्यात, बाहेरची बाजू गुळगुळीत. पॅड साधारण २० हजार किमीपूर्वी चारही नवीन टाकले होते, म्हणजे सगळे एकाच वयाचे.

गॅरेजवाला म्हणतो पॅडचा सेट आणि दोन्ही डिस्क बदला, झालं. मी विचारलं एकच पॅड का गेलं तर म्हणे घाटात चालवता ना, होतं असं. पण घाट तर चारही पॅडांनी उतरला ना? मला खर्चाचं एवढं नाही, पण कारण न शोधता नवीन सामान टाकलं तर तेही असंच जाणार अशी भीती आहे. कुठून सुरुवात करू?

घाटरस्ता

सोपा उपाय सांगतो, डावीकडचे आत-बाहेरचे पॅड अदलाबदल कर. ७ वालं आत, २ वालं बाहेर. अजून ८-१० हजार निघतील आरामात. आमच्याकडे सगळे असंच करतात.

जुना_फोरमन

लाल_माती, अदलाबदल करू नका, घाटरस्ता यांचा हेतू चांगला आहे पण ब्रेकमध्ये हे चालत नाही. बऱ्याच गाड्यांत आतल्या आणि बाहेरच्या पॅडचा आकार, क्लिपा वेगळ्या असतात, किरकिर आवाज करून पॅड संपल्याचं सांगणारी पत्री बहुतेक आतल्याच पॅडला असते. आणि समजा बसलं तरी २ एमएमचं पॅड हे संपलेलंच पॅड आहे, ३ च्या खाली आलं की माझ्या हिशोबाने बदलायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमच्याकडे आत्ता जो पुरावा आहे तो अदलाबदल केल्यावर पुसला जाईल. जुने पॅड टाकूनही देऊ नका, कुठलं कुठे होतं ते प्लेटवर मार्करने लिहून ठेवा.

आता कारण. तुमच्या गाडीचा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, फ्लोटिंग जातीचा आहे, म्हणजे पिस्टन एकच आणि तो आतल्या बाजूला. पेडल दाबलं की पिस्टन आतलं पॅड डिस्कवर दाबतो, पॅड टेकलं की त्याच जोराने सगळी कॅलिपरची बॉडी आतल्या बाजूला सरकते आणि बाहेरचं पॅड ओढून आणते. बॉडी सरकते ती दोन गाइड पिनांवर. या पिना कोरड्या पडल्या, गंजल्या किंवा फुगल्या की बॉडी सरकत नाही, मग बाहेरचं पॅड नुसतं नावाला काम करतं आणि सगळा मार आतल्यावर. तुमचे आकडे तेच सांगतायत, बाहेरचं ७ म्हणजे उजवीकडच्या पॅडांपेक्षाही कमी झिजलंय. ते कामच करत नव्हतं.

दुसरी शक्यता, पिस्टन परत मागे येत नाही. पिस्टन मागे यायला आत काही स्प्रिंग नसते हे खूप जणांना माहीत नसतं. पिस्टनभोवती चौकोनी कापाची रबरी सील असते, ब्रेक दाबल्यावर ती थोडी पिळली जाते आणि पाय काढला की सरळ होताना पिस्टनला इवलंसं मागे खेचते, बस एवढंच. बाहेरचा डस्ट बूट फाटून आत पाणी-माती गेली, पिस्टनला गंज धरला की सीलचा तेवढासा जोर पुरत नाही आणि आतलं पॅड डिस्कला घासतच राहतं. कोकणातल्या पावसात नि लाल चिखलात हे मी भरपूर पाहिलंय.

मला दोन गोष्टी सांगा. १) ब्रेक न दाबता, स्टिअरिंग हलकं धरलं तर गाडी कुठे जाते? २) ब्रेक दाबल्यावर कुठे ओढते? हे सपाट रस्त्यावर बघा, आपल्याकडे रस्त्याचा उतार डाव्या कडेला असतो त्यामुळे चांगली गाडीपण थोडी डावीकडे जातेच, तिच्यावरून निष्कर्ष काढू नका.

आणि तोवर घाटात गाडी नेऊ नका. २ एमएम आणि गरम होणारं चाक हे एकत्र चांगलं नाही.

सातारी_चालक

फोरमन काकांनी सांगितलंय ते बरोबरच पण ब्रेकचा रबरी होज पाइपपण बघ रे. माझ्या गाडीला डावं चाक असंच गरम व्हायचं, कॅलिपरला नवीन सील किट टाकलं, पिना बदलल्या, तरी तेच. शेवटी कळलं होज आतनं फुगून बंद होत आलाय. बाहेरून बघितलं तर नवाकोरा. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं पण परत येताना आतला सोललेला रबराचा तुकडा झडपेसारखा आडवा येतो, म्हणजे पाय काढला तरी ब्रेक लागलेलाच. गाडी थंड झाली की आपोआप सुटायचा म्हणून मेकॅनिककडे नेईपर्यंत सगळं ठीक दिसायचं, फार वैताग दिला त्याने.

लाल_माती

फोरमन काका, आज मिऱ्या बंदराकडच्या सपाट रस्त्यावर दोन्ही बाजूंनी चालवून बघितली. ब्रेक न दाबता गाडी हळूहळू डावीकडे जाते, उलट्या दिशेने येतानाही डावीकडेच, म्हणजे रस्त्याचा उतार नाही. पण ब्रेक जोरात दाबला की उजवीकडे ओढते! हे मला कळेना, एकाच गाडीत दोन्ही बाजूंना कसं ओढेल? दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत का?

जुना_फोरमन

दोन नाहीत, एकच आहे, आणि तुम्ही हे नीट बघितलंत म्हणून अर्धं काम झालं.

ब्रेक न दाबता डावीकडे जाते कारण डावं चाक थोडं धरून आहे, म्हणजे पॅड पूर्ण सुटत नाही. ब्रेक दाबल्यावर उजवीकडे जाते कारण डावा कॅलिपर पूर्ण जोराने पकडत नाही आणि उजवा पकडतो. गाडी नेहमी ज्या बाजूला जास्त ब्रेक लागतो त्या बाजूला ओढते. आता असा कुठला कॅलिपर आहे जो नीट पकडतही नाही आणि नीट सोडतही नाही? ज्याची बॉडी सरकायची जागाच जाम आहे तो. जाताना अडकतो म्हणून पकड कमी आणि परत येताना अडकतो म्हणून घासतो.

सातारी_चालक यांचा होजचा मुद्दा विसरायचा नाही, पण आकडे त्याच्याकडे बोट दाखवत नाहीत. होजमध्ये प्रेशर अडकलं आणि पिना मोकळ्या असतील तर आतलं आणि बाहेरचं दोन्ही पॅड सारखेच दाबले जातात, दोन्ही सारखे झिजतात. डाव्या-उजव्या चाकात फरक दिसेल पण एकाच चाकात २ आणि ७ असा फरक बहुधा नाही दिसणार. तरी टेस्ट करून मोकळे व्हा, खात्री करायला फार वेळ लागत नाही.

सपाट जागेवर गाडी लावा, मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, पुढचं डावं चाक जॅकवर घेऊन खाली जॅक स्टँड द्या, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली हात घालायचा नाही. गिअर न्यूट्रल. कुणाला तरी ब्रेक दोन-तीनदा जोरात दाबून सोडायला सांगा आणि लगेच चाक हाताने फिरवा. हलका घासल्याचा आवाज चालतो, पण जोर लावून फिरवायला लागत असेल तर धरलंय. आता कॅलिपरचं निपल (ब्रेकमधली हवा-ऑइल काढायची छोटी नळी) पाव आटा सैल करा, थोडं ऑइल बाहेर येऊ द्या. पिचकारीसारखं आलं आणि चाक एकदम मोकळं झालं तर दोष प्रेशर अडकण्याचा, म्हणजे होज किंवा मास्टर सिलिंडर (पेडलकडचा, जो ऑइल दाबतो). निपल सोडूनही चाक तसंच जड राहिलं तर दोष कॅलिपरमध्येच, पिना नाहीतर पिस्टन. निपल लगेच परत आवळा, रिझर्व्हॉयरमधली लेव्हल बघा आणि ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडू देऊ नका, पेंट खातं ते. शेवटी पेडल कडक लागतंय याची खात्री करूनच चाक खाली घ्या.

मिशिगनचा_मराठी

इकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकतात त्यामुळे हा प्रकार आमच्या पार्किंगमधल्या निम्म्या गाड्यांना होतो, तुमच्याकडे समुद्राची खारी हवा आहे म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. पिनांच्या नादात पॅडचे कान विसरू नका. पॅडची दोन्ही टोकं ब्रॅकेटमध्ये ज्या पातळ स्टीलच्या क्लिपांवर बसतात ना, त्या क्लिपांच्या खाली ब्रॅकेट गंजतं, गंज फुगतो आणि क्लिप वर उचलली जाते. जागा अर्धा एमएम जरी कमी झाली तरी पॅड त्यात घट्ट बसतं. मग पिना कितीही मऊ करा, पॅड स्वतःच हलत नाही. नवीन पॅड हातोडीने ठोकून बसवावं लागलं तर समजा काहीतरी चुकतंय, ते अंगठ्याने दाबून सरकायला हवं. क्लिपा काढून खालचं लोखंड वायर ब्रशने आणि बारीक कानसेने चकचकीत होईपर्यंत साफ करायचं, नवीन क्लिपा टाकायच्या. बऱ्याच पॅड सेटमध्ये येतात त्या, पण घाईत जुन्याच ठेवल्या जातात.

लाल_माती

केलं बाबा सगळं. रविवारी भावाला घेऊन बसलो, त्याला पेडलवर बसवला. लिहितो काय काय निघालं.

पेडल दाबून सोडल्यावर डावं चाक जड, दोन्ही हातांनी फिरवावं लागत होतं. निपल सैल केलं, दोन-चार थेंब ऑइल आलं, चाक तसंच जड. म्हणजे होज नाही. (ऑइल मात्र चहासारखं काळपट होतं.)

मग कॅलिपर सोडवला. वरची पिन हाताने आत-बाहेर होते. खालची पिन हलेचना! पाना लावून फिरवत फिरवत काढली तेव्हा बाहेर आली. गंज फार नव्हता पण पिनेच्या टोकाला जी रबराची बाही असते ती फुगून गुळगुळीत लिबलिबीत झालेली, भोकात घट्ट अडकलेली. आणि पिनेवर सगळीकडे पिवळं ग्रीस, जे चाकाच्या बेअरिंगला भरतात ते. उजव्या बाजूच्या पिनांना ते नाही, तिथे पारदर्शकसं काहीतरी आहे, थोडं सुकलेलं पण पिना सरकतात.

आतलं पॅड नीट बघितलं तर ते पाचरीसारखं झिजलंय, एका टोकाला २ आणि दुसऱ्या टोकाला साडेतीन. आधी मी एकाच टोकाला मोजलं होतं. पिस्टन सी-क्लॅम्पने दाबून बघितला, एकसारखा आत गेला, बूट फाटलेला नाही. क्लिपांखाली गंज आहे पण पॅड अडकत नव्हते.

म्हणजे दोषी ती खालची पिन ना?

जुना_फोरमन

हो, तीच. आणि तिला कुणी मारलं तेही तुम्हीच शोधलंत. ब्रेकमधलं रबर हे वेगळ्या जातीचं असतं, त्याला ब्रेक ऑइल चालतं पण पेट्रोलियमचं साधं ग्रीस चालत नाही. बेअरिंगचं पिवळं ग्रीस लावलं की काही महिन्यांत रबर फुगतं, मऊ पडतं आणि पिनेला धरून ठेवतं. लावणाऱ्याला वाटतं आपण पिना मस्त ग्रीस केल्या, सुरुवातीला सरकतातही छान. मागच्या वेळी पॅड बदलताना डाव्या बाजूला हात दुसऱ्या कुणाचा लागला असेल. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस वेगळं मिळतं, छोटी पुडी असते, किटबरोबरही येते. तेवढंच वापरायचं, तेही पातळ थर, भोकात ठासून भरायचं नाही नाहीतर आत हवा कोंडून पिन बाहेर ढकलली जाते.

पाचरीसारखं पॅड का झालं तेही जुळतं. टेबलाचा खण एका बाजूला अडकला की तिरका होतो तसा कॅलिपर एका पिनेवर सरकला आणि दुसरीवर अडकला, म्हणून पॅड डिस्कवर तिरकं दाबलं गेलं. किंचित उतार असेल तर मी दुर्लक्ष करतो, कारण डिस्क ज्या टोकाकडून पॅडखाली येते ते टोक नैसर्गिकपणे थोडं जास्त झिजतं, पण दीड एमएमचा फरक नैसर्गिक नाही.

आता काय करायचं ते सांगतो. दोन्ही बाजूंच्या पिनांचे रबर बूट आणि बाही नवीन घ्या, डावीकडच्या पिना नवीनच टाका. बाहीवाली पिन वर की खाली हे गाडीगणिक ठरलेलं असतं, काढताना होती तिथेच बसवा, आणि शंका असली तर उजव्या बाजूला बघून खात्री करा. भोकातलं जुनं ग्रीस ब्रेक क्लीनर मारून, कापडाची वात घालून पूर्ण काढा, थोडं राहिलं तरी नवीन रबर पुन्हा फुगेल. पॅड दोन्ही चाकांचे एकदम, एका बाजूचे नवीन आणि दुसरीकडचे जुने ठेवले तर गाडी ओढेल. पिस्टन मागे ढकलताना निपल उघडून घाण ऑइल बाहेर काढा, काळं ऑइल एबीएसच्या युनिटकडे उलटं ढकलू नका. कॅलिपर होजवर लटकवायचा नाही, तारेने स्प्रिंगला बांधून ठेवा.

ब्रेक ऑइल सगळं बदला. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि कोकणाएवढी दमट हवा कुठे मिळणार. डॉट ४ चं नवीन ऑइल कमीत कमी २३० डिग्रीला उकळतं, पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ पर्यंत येऊ शकते. घाटात सतत ब्रेक मारून कॅलिपर तापला की पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं. दर २ वर्षांनी बदलायचं, रनिंग कितीही कमी असो. झाकणावर जे लिहिलंय तेच टाका, डॉट ५ सिलिकॉनचं असतं ते यात मिसळत नाही.

लाल_माती

खूप आभार काका. आता डिस्कचा प्रश्न. डिस्कवर मिनिमम १५ एमएम कोरलंय. मी व्हर्नियरने मोजली तर डावी १६.१ आली, उजवी १६.६. म्हणजे डिस्क चालेल ना? की लेथवर मारून घेऊ?

लेथवाला_सांगली

आमचं टर्निंगचंच काम आहे म्हणून बोलतो. व्हर्नियरचं रीडिंग इथे फसवतं. डिस्कच्या बाहेरच्या कडेला पॅड पोचत नाही तिथे गंजलेला काठ उभा राहतो, व्हर्नियरचे जबडे त्या काठावर टेकतात आणि डिस्क जाड दिसते. मायक्रोमीटरने मोजा, काठापासून १०-१५ एमएम आत, आणि एका ठिकाणी नाही, गोल फिरून ७-८ ठिकाणी. सगळ्यात कमी जे येईल ते धरायचं. जवळच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये मायक्रोमीटर मिळेल, डिस्क काढून घेऊन जा.

लेथ मारण्याबद्दल, खाचा पूर्ण जाईपर्यंत कापून वर मिनिममपेक्षा बऱ्यापैकी माल उरणार असेल तरच मी मारतो. मिनिमम म्हणजे जिथे डिस्क फेकायची तो आकडा, तिथपर्यंत कापून द्यायचा आकडा नाही तो. पातळ डिस्क उष्णता कमी साठवते, घाटात लवकर तापते. गिऱ्हाईक आग्रह करतं तरी मी परत पाठवतो.

लाल_माती

बरं झालं सांगितलंत. मायक्रोमीटरने डावी १५.४ निघाली, म्हणजे जवळजवळ पाऊण एमएमचा फरक व्हर्नियरने दाखवला होता! उजवी १६.२. आतल्या खाचा साधारण ०.३ आहेत असं तिथले म्हणाले.

लेथवाला_सांगली

मग डावी लेथवर नका घेऊ, ०.३ आतनं आणि बाहेरच्या बाजूनेही एक हलका हात मारला की १५ वर येऊन थांबते. नवीन टाका, आणि जोडीने टाका. उजवी वाईट नाही पण एक नवीन एक जुनी असं पुढे करू नये असं माझं मत. नवीन डिस्कवर तेलाचा थर असतो गंज येऊ नये म्हणून, तो ब्रेक क्लीनरने पुसल्याशिवाय पॅड लावू नका.

तुमच्या गॅरेजवाल्याने डिस्क बदला सांगितलं ते शेवटी बरोबरच निघालं, पण जाम पिनेवर नवीन डिस्क बसवली असती तर तिचीही हीच गत झाली असती.

स्वाती_पुणे

मध्येच विचारते, चालेल ना? माझ्या गाडीला पॅड सगळे सारखेच झिजलेत पण एक्स्प्रेस वेवर १०० वरून ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. ६० च्या खाली काही नाही. डिस्क वाकलीय म्हणून एकदा नवीन टाकल्या, पहिले काही महिने एकदम छान आणि आता परत तेच. बॅलन्सिंग करून झालं. ब्रेक न मारता १२० ला (हो माहितीये लिमिट १०० आहे) काहीच थरथरत नाही.

लेथवाला_सांगली

स्वाती ताई, ब्रेक न मारता थरथर नाही म्हणजे टायर-बॅलन्सिंगचा विषय संपला. स्टिअरिंगमध्ये जाणवतं म्हणजे बहुतेक पुढच्या डिस्क. पण लोक म्हणतात तशी डिस्क सहसा वाकत नाही, तिची जाडी ठिकठिकाणी कमी-जास्त होते. पॅड जाड जागेवरून गेलं की जोर वाढतो, पातळ जागेवरून गेलं की कमी होतो, प्रत्येक फेऱ्याला एक धक्का. डोळ्याला काही दिसत नाही, एक-दोन शंभरांश एमएमचा फरकसुद्धा हाताला लागतो.

नवीन डिस्कवर काही महिन्यांनी परत आलं हीच खूण आहे. डिस्क हबवर, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या भागावर, अगदी सरळ बसलेली नसणार. हबच्या तोंडावर गंजाचा एक कणसुद्धा राहिला तर बाहेरच्या कडेला डिस्क डोलते, डोलणारी बाजू ब्रेक न दाबतासुद्धा दर फेऱ्याला पॅडला हलकी घासते आणि त्या जागेवर हळूहळू पातळ होते. म्हणून पहिल्या दिवशी छान आणि नंतर थरथर. डिस्क बदलताना हब साफ केला होता का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी जुनी काढली, नवीन लावली, संपलं.

करायचं असं, हबचं तोंड आणि डिस्कची आतली बाजू गंज जाऊन लखलखीत करायची, डिस्क नट लावून सगळीकडे सारखी आवळायची आणि डायल गेज (डोलणं मोजायचं घड्याळी माप) लावून फिरवायची. ०.०५ एमएमच्या आत डोललं पाहिजे, जास्तीत जास्त मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते. जास्त आलं तर डिस्क काढून एक नट पुढे फिरवून लावून बघा, कधीकधी हबचा आणि डिस्कचा फरक एकमेकाला मारतो. तरीही जास्त आलं तर हब नाहीतर बेअरिंग बघायला लागेल.

सातारी_चालक

ताई, अजून एक, टायरच्या दुकानात हवेच्या गनने नट ठोकून देतात ना, एक नट प्रचंड टाइट आणि शेजारचा सैल, त्यानेही डिस्क पिळली जाते. आमच्याकडे टायर बदलल्यावरच थरथर सुरू झालेल्या गाड्या आल्यात ग्रुपवर.

जुना_फोरमन

बरोबर बोललात. ताई, नट आडवे-तिडवे चांदणीच्या क्रमाने आणि शेवटी टॉर्क पान्याने आवळून घ्या, छोट्या गाड्यांना साधारण १००-११० न्यूटन मीटरच्या आसपास असतं, नेमका आकडा मॅन्युअलमधला धरा. आणि खंडाळा उतरून तापलेल्या ब्रेकवर टोलच्या रांगेत पाय दाबून उभं राहणं टाळा. गरम पॅडचं मटेरियल त्या एकाच जागेवर डिस्कला चिकटतं आणि त्यानेही थरथर येते. उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनाचा ब्रेक वापरा, पायाचा ब्रेक मधूनमधून.

लाल_माती

अपडेट. पिनांचं किट, दोन्ही डिस्क, पॅड, ब्रेक ऑइल सगळं झालं, दुसऱ्या गॅरेजमध्ये समोर उभं राहून करून घेतलं. मिशिगनच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे क्लिपांखालचं लोखंड घासून घेतलं, नवीन क्लिपा टाकल्या, पॅड अंगठ्याने सरकतात. हबपण साफ करून घेतला, लेथवाल्या भाऊंचं वाचलं होतं म्हणून.

मित्राकडून इन्फ्रारेड थर्मामीटर आणलं आणि पालीपर्यंत फिरून आलो, दोन्ही डिस्कमध्ये ४ डिग्रीचा फरक. गाडी सरळ थांबते, कुठेही ओढत नाही. काका, नवीन पॅड बसवायला काही वेगळं करायचं का? आणि परत कधी उघडून बघू?

जुना_फोरमन

४ डिग्री म्हणजे उत्तम, त्यात काही बघण्यासारखं नाही. दोन चाकांत ३०-४० चा फरक सारखा दिसला तर काळजी करायची.

पॅड बसवायला मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून, ५०-६० वरून १० पर्यंत मध्यम जोराने ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, मध्ये अर्धा-एक किलोमीटर चालवून थंड होऊ द्या. असं आठ-दहा वेळा. मग थोडा वेळ ब्रेक न मारता फिरवा आणि लावा. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर घाटात जोरात जाऊ नका, आणि घाट उतरून आल्याआल्या गरम चाकावर पाण्याचा पाइप मारू नका.

दर १० हजाराला चाकं काढून बघा, पावसाळा संपला की एकदा नक्की. आणि बघताना आतलं पॅड बघा. रिमच्या भोकातून दिसतं ते बाहेरचं पॅड, तुमचं बाहेरचं शेवटपर्यंत ७ एमएमच होतं, म्हणून मधल्या कुठल्या सर्व्हिसिंगमध्ये कुणाच्या लक्षात आलं नाही. कॅलिपरच्या वरून टॉर्च मारून आतलं बघता येतं, दिसत नसेल तर दोन बोल्ट सोडा पण बघा. त्याच वेळी दोन्ही पिना हाताने सरकवून बघायच्या, एक मिनिटाचं काम आहे.

स्वाती_पुणे

डाव्या हबवर गंजाची पापडी निघाली, डायल गेजवर ०.१३ होतं! साफ केल्यावर ०.०४ आलं. डिस्क लेथवर हलक्या मारून घेतल्या, माल भरपूर होता. नट टॉर्क पान्याने लावून घेतले. उद्या लोणावळ्याला जाऊन बघते.

लेथवाला_सांगली

छान. ५० किलोमीटर झाल्यावर नट एकदा टॉर्क पान्याने परत तपासा, हब घासलाय म्हणजे थोडे बसतात.